पांतेलेचा अंगठा

मुगेश्तीच्या चर्चमध्ये शिरलं की डाव्या हाताला एक लाकडी खिडकी आहे आणि त्या खिडकीत साफ्ता बसते. मेणबत्त्या विकते. देवाची नजर चुकवून आत जाता येईल, साफ्ताची नाही. डोक्याला रुमाल नसला तर बाईला दारातूनच परत पाठवणार. दारू पिऊन आलेल्याला नुसत्या वासावरून ओळखणार आणि पाद्रीबाबांच्या देखत ओळखणार. बाबासुद्धा तिला जरा दबकूनच असतात.

बाहेर अंगणात पत्र्याच्या दोन पेट्या आहेत, वाळूने भरलेल्या. एकीत जित्यांसाठी मेणबत्ती खोचायची, दुसरीत मेलेल्यांसाठी. शहरातून आलेली पोरं हटकून घोळ घालतात. मग साफ्ता खिडकी सोडून बाहेर येते, चुकलेली मेणबत्ती उपटते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "जिता भाऊ मेलेल्यांत खोचलास? मारायचाय का त्याला?" पोरगं कानापर्यंत लाल होतं. आम्ही सगळे गालातल्या गालात हसतो, कारण लहानपणी तिने आम्हालाही असंच झापलेलं आहे.

अशी ही नियमाची बाई. आणि त्या नियमानेच तिचा घात केला.

तिचा नवरा पांतेले ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. बायको जितकी बोलकी तितका हा मुखदुर्बळ, पण बोलला की असं काही बोलायचा की ऐकणाऱ्याच्या हातातला पाना खाली पडावा. त्याला दुखणं लागलं ते एकाच जागी, डाव्या मांडीच्या हाडात. बाकी माणूस ठणठणीत. डोकं शाबूत, जीभ शाबूत, मक्याच्या पिठाची मामालिगा आणि चीज समोर आलं की ताट पुसून खाणार. पण ती मांडी भडकली की हा एवढा गडी पलंगाची लाकडं धरून लहान मुलासारखा कण्हायचा. गोळ्या दिल्या तर मांडी थोडी गप्प व्हायची आणि डोकं पार गढूळ. कुत्र्याला मेलेल्या भावाच्या नावाने हाका मारायला लागला, तेव्हा साफ्ता घाबरली.

मग शहरातून दालिया नावाची नर्स यायला लागली. घरोघरी जाऊन असल्या दुखणाइतांचं बघायचं हेच तिचं काम. डॉक्टरांनी पांतेलेच्या कमरेतून, मांडीला जाणाऱ्या नसेपाशी एक बारीक नळी बसवली होती. नळीचं दुसरं टोक साबणाच्या डबीएवढ्या यंत्रात, आणि यंत्रातून निघालेल्या वायरीच्या शेवटी एक बटण. मांडी भडकली की पांतेलेने बटण दाबायचं. यंत्र चिक् करून आवाज देणार आणि औषध थेट त्या नसेवर जाणार. डोक्याला पत्तासुद्धा लागणार नाही. एकदा दिलं की मात्र यंत्र काही वेळ गप्प बसायचं, मग कितीही दाबा.

पहिल्या दिवशी पांतेलेने बटण दाबलं, थोडा वेळ छताकडे बघत पडला आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साफ्ताला वाटलं आणखी दुखतंय. तसं नव्हतं. दुखायचं थांबलं होतं. त्या दिवसापासून त्याची जीभ परत आली. हे यंत्र तालुक्याच्या कचेरीतून आलेलं दिसतंय, म्हणायचा, एकदा काम केलं की लगेच जेवायला जातं. एकदा हातातून पडून डबीचा कोपरा तडकला, तर त्याने ट्रॅक्टरच्या वायरींची निळी पट्टी चिकटवून तो स्वतःच नीट केला.

दालियाने एक नियम मात्र बजावून सांगितला होता. "बटण फक्त यांनी दाबायचं, मावशी. तुम्ही नाही. माया दाटून आली तरी नाही. माणसाला दुखतंय किती, हे त्याचं त्यालाच कळतं." साफ्ताला नियम सांगितला म्हणजे संपलं. डोळ्यात तेल घालून तिने तो पाळला. शेजारची झाम्फिरा एकदा सहज बटण उचलून बघायला लागली, तर साफ्ताने तिच्या हातावर चापट मारली.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे माणूस जाताना त्याच्या हातात पेटती मेणबत्ती लागते. तीच पुढच्या वाटेवरचा उजेड. मेणबत्तीविना गेला तो आंधळा गेला. शत्रूलाही असं मरण कुणी चिंतत नाही. पांतेलेचा बाप असाच मक्याच्या शेतात एकटा गेला होता. पांतेलेची आई पुढे जन्मभर त्याच्या नावाने मेणबत्त्या लावत राहिली, आणि तरी म्हणायची की तो चाचपडतोच आहे, मला ऐकू येतं. हे ऐकत पांतेले मोठा झाला. म्हणून दुखणं गंभीर आहे असं कळलं तेव्हा त्याने साफ्ताचा हात धरून एकच मागितलं.

"दुखलं तर दुखू दे," तो म्हणाला. "पण मला अंधारात पाठवू नकोस."

साफ्ताने शपथ घेतली. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईचा नवरा अंधारात जाईल, हे कसं होऊ शकेल?

तो दिवस आला तेव्हा रविवार होता. मागच्या अंगणात आलुबुखारं पिंपात आंबत होती आणि घरभर त्यांचा गोड वास होता. चर्चमधून परत आली तर पांतेलेचा श्वास बदललेला. एक श्वास, मग मोठी रिकामी जागा, मग दुसरा. साफ्ताने असे श्वास पुष्कळ घरांत ऐकले होते. तिने कुंपणावरून झाम्फिराला हाक मारली आणि कपाटातली मेणबत्ती काढून पेटवली.

मेणबत्ती उजव्या हातात द्यायची असते. पांतेलेच्या उजव्या हातात बटण होतं.

ती बोटं सोडवायला गेली तर त्याने मूठ आवळली. जोर कसला, पण आवळली. साफ्ता हळू आवाजात म्हणाली, "दे रे. आता याचं काय काम?" आणि एकेक बोट सोडवून तिने बटण काढून घेतलं, पलंगाच्या खुंटाला अडकवलं आणि मेणबत्ती हातात दिली. वरून आपल्या हाताने त्याची मूठ धरली.

तिला वाटलं होतं, आता दोन-चार श्वासांचा प्रश्न आहे. तसं झालं नाही. एक मेणबत्ती संपत आली, तिने दुसरी दिली. मग तिसरी. उरलेले तुकडे ती ॲप्रनच्या खिशात टाकत गेली, कारण चर्चची सवय, तुकडा फेकायचा नाही. बायका जमल्या. पांतेलेला बोलता येत नव्हतं. कपाळावर घाम होता, तो ती पुसत होती. तो तिच्याकडे बघत होता, फार बघत होता, आणि तिला वाटलं निरोप घेतोय. त्याचा अंगठा मात्र मेणबत्तीवर सारखा वरखाली होत होता.

"बघा गं," झाम्फिरा म्हणाली, "जाता जाता प्रार्थना करतोय. जपाची दोरी ओढल्यासारखा अंगठा चाललाय बघा."

साऱ्या बायकांनी बोटांनी छातीवर क्रूस काढला. साफ्तानेही काढला. खोटं कशाला सांगू, तिला अभिमान वाटला. संध्याकाळची घंटा वाजायला लागली तेव्हा तो गेला. मेणबत्ती पेटती होती.

असं मरण गावाला फार आवडतं. तेराव्याला तुमच्याकडे गोड करतात तसं आमच्याकडे कोलिवा करतात, उकडलेल्या गव्हाचा. तो खाताना सगळ्यांच्या तोंडी पांतेलेचं मरण होतं. त्यात पुढच्याच आठवड्यात दालिया यंत्र न्यायला आली. झाम्फिरा तिथेच बसलेली. दालियाने यंत्राच्या छोट्या पडद्यावर काहीतरी बघितलं आणि साफ्ताचा खांदा दाबून म्हणाली, त्या दुपारपासून त्यांनी एकदाही दाबलेलं नाही, मावशी. दुखत नव्हतं हो त्यांना. शांत गेले. पोरीने चांगल्या मनानेच सांगितलं. झाम्फिराने ते संध्याकाळपर्यंत गावभर केलं. पांतेले प्रार्थनेनेच तरला, बटणाला हातसुद्धा लावला नाही.

 दालिया गेल्यावर धुवायला टाकायचा म्हणून साफ्ताने खुंटीवरचा ॲप्रन काढला आणि खिसे रिकामे केले. मेणबत्त्यांचे तुकडे ओट्यावर पडले. प्रत्येकावर एका बाजूला खड्डा होता. अंगठ्याच्या पेराएवढा, आणि त्यात नखाच्या चंद्रकोरी, एकीवर एक, एकीवर एक. प्रार्थना करणारा माणूस मेणात एवढं नख रुतवत नाही.

तो बटण दाबत होता. बटण खुंटाला लटकत होतं आणि तो मेण दाबत होता, थांबत होता, वाट बघत होता आणि पुन्हा दाबत होता. आणि बायको वरून त्याची मूठ घट्ट धरून बसली होती.

 त्याचा डावा हात रिकामा होता. ही गोष्ट साफ्ताला तेव्हा आठवली. पूर्ण दुपारभर पांतेलेचा डावा हात चादरीवर रिकामा पडलेला होता.

त्यानंतर तो यायला लागला. आमच्याकडे मेलेली माणसं स्वप्नात येतात ती काहीतरी मागायला. बूट हवे असले तर अनवाणी येतात. मग त्यांच्या नावाने गरजूला बूट द्यायचे, घेणाऱ्याने 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं, म्हणजे तुझ्या मेलेल्याचं भलं होवो, आणि ती वस्तू तिकडे पोचते. पांतेले पहिल्यांदा आला तो अनवाणीच. पलंगावर आपल्या बाजूला बसला.  उजव्या हाताचा अंगठा मात्र चालू, रिकाम्या मुठीवर, दाब, थांब, दाब.

साफ्ताने बूट दिले. पुढच्या खेपेला तो नवे बूट घालून आला, तेच, तपकिरी नाड्यांचे. अंगठा चालूच. तिने कोट दिला, तो कोट घालून आला. उशी दिली, रजई दिली, पाण्याने भरलेली नवी बादली दिली. सगळं पोचत होतं, हेच तर वाईट होतं. लग्नातल्या नवऱ्यासारखा नटून तो पलंगावर बसायचा आणि अंगठा चालवत राहायचा. त्याला काय हवं होतं ते साफ्ताला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तिने दालियाला विचारून पाहिलं, ते यंत्र विकत मिळेल का. दालियाला वाटलं म्हातारी दुःखाने भ्रमलीय. ते आमचंही नाही, मावशी, ती म्हणाली, एकाकडून काढायचं आणि दुसऱ्याला लावायचं. आणि जे आपलं नाही ते दान देता येत नाही, हा नियम साफ्तानेच अख्ख्या गावाला शिकवलेला.

दिवसासुद्धा सुटका नव्हती. चर्चच्या खिडकीत बसली असताना मागे कुठेतरी चिक् वाजायचं. ती वळून बघायची, तर काही नाही. सुट्टे पैसे परत करताना लोकांचे अंगठे दिसायचे. आणि मग आम्हा सगळ्यांना चक्रावणारी गोष्ट झाली. पांतेलेच्या नावाची मेणबत्ती साफ्ता जित्यांच्या पेटीत खोचायला लागली.

पहिल्यांदा वाटलं चूक. साफ्ता आणि चूक? शेवटी पाद्रीबाबांनी तिला बाजूला घेतलं. ते म्हणाले, साफ्ता, तो आता अशा जागी आहे जिथे दुखणं नाही. साफ्ता मान खाली घालून म्हणाली, "दुखणं नाही ते मेलेल्यांना, बाबा. ज्याला दुखतंय त्याला मी तिकडे कशी टाकू?" बाबांना काही उलगडा झाला नाही. तिनेही पुढे सांगितलं नाही. गावाने तिच्या नवऱ्याला जवळजवळ संत करून ठेवला होता, आता कोणत्या तोंडाने सांगणार?

हिवाळा गेला आणि झाम्फिराचं दुखणं वर आलं. साखरेने तिच्या उजव्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडल्या होत्या. पाय कापायला ती तयार नव्हती, आणि तो तसा राहिला तर फार दिवस नव्हते. मधल्या काळात तो पाय तिला सोलून काढत होता. दालियाने तिलाही नळी बसवून घेतली, यंत्र लावलं, बटण दिलं. झाम्फिराने बटण उशाखाली सरकवलं आणि दाबायला साफ नकार दिला.

दालिया चर्चच्या खिडकीशी आली ती रडवेली होऊन. "दातांनी उशी फाडली त्यांनी, मावशी, पण बटण दाबत नाहीत. म्हणतात पांतेलेला जमलं, मला का नाही जमणार? तुमचं ऐकतील. तुम्ही सांगा ना."

 साफ्ताचं गप्प बसणं आता दुसऱ्याच्या हाडांत शिरलं होतं. तिने खिडकी तिथेच उघडी टाकली, जे तिने कधी केलं नव्हतं, घरी जाऊन मेणबत्तीचे तुकडे रुमालात बांधले आणि झाम्फिराकडे गेली.

झाम्फिराचा चेहरा राखेसारखा झाला होता. लेक पायाशी बसून होती. दालिया मागोमाग येऊन दारात उभी राहिली. "आलीस," झाम्फिरा म्हणाली. "बघ, मीही तुझ्या नवऱ्यासारखी प्रार्थनाच करतेय."

"तो प्रार्थना करत नव्हता," साफ्ता म्हणाली.

"मी डोळ्यांनी बघितलंय, बये."

साफ्ताने रुमाल सोडला. एक तुकडा झाम्फिराच्या हातात दिला, आणि तिचा अंगठा धरून त्या खड्ड्यात ठेवला. नखाच्या खुणांवर नख बसलं. "बटण मागत होता," ती म्हणाली. "मी काढून घेतलं होतं. मेणबत्ती द्यायला. तुझ्यासमोर तो बटण मागत होता, झाम्फिरा, माझ्यासमोर मागत होता, आणि आपण दोघी क्रूस काढत होतो."

 झाम्फिरा त्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने तुकडा चादरीवर ठेवला आणि हात पुढे केला, रिकामा, तळवा वर करून. साफ्ताने उशाखालून बटण ओढून काढलं. वायरीमागून यंत्र आलं, आणि त्याच्या कोपऱ्यावर निळी पट्टी होती. ट्रॅक्टरच्या वायरींची.

 यंत्र साफ्ताचं नव्हतं. पण ते त्या हातात देणं तर तिचं होतं. तिने बटण झाम्फिराच्या तळव्यावर ठेवलं, तिची बोटं त्यावर मिटवली, आणि दान देताना म्हणतात तसं म्हणाली, "हे पांतेलेसाठी."

झाम्फिराने तिच्याकडे बघितलं. दुखण्याने तिचे ओठ फाटलेले होते.

"बोगदाप्रोस्ते," ती म्हणाली. आणि बटण दाबलं.

चिक् झालं. साफ्ता पलंगाशी बसून झाम्फिराचं कपाळ बघत राहिली. त्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सैल झाल्या. त्या दुपारी पांतेलेच्या कपाळावर असं व्हायला हवं होतं. साफ्ता ढसाढसा रडली, लेकीसमोर, नर्ससमोर, कुणाचीही भीड न ठेवता.

पुढे सफरचंदाला बहर आला तेव्हा झाम्फिरा गेली. साफ्ता तिथेच होती. बायका जमल्या, मेणबत्ती पेटली, आणि साफ्ताने ती झाम्फिराच्या डाव्या हातात दिली. बायकांत कुजबुज उठली. साफ्तासारखी साफ्ता, आणि डाव्या हातात? साफ्ताने मागे वळूनही बघितलं नाही. "उजवा हात कामात आहे तिचा," म्हणाली, आणि झाम्फिराच्या अंगठ्यापासून आपला हात दूरच ठेवला. यंत्र अधूनमधून चिक् करत राहिलं, शेवटपर्यंत.

आणि पांतेले? झाम्फिराने 'बोगदाप्रोस्ते' म्हटलं त्या दिवशी तो एकदाच आला. तेच बूट, तोच कोट. पलंगावर आपल्या बाजूला बसला आणि त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. उजव्या मुठीत काहीतरी होतं. अंगठा निवांत होता. त्याने साफ्ताकडे त्या दुपारसारखंच फार वेळ बघितलं.

नंतर आला नाही. साफ्ता वाट बघत राहिली. नवे मोजे काढून ठेवले होते, ते मागायला तरी येईल, असं तिला वाटत होतं. त्याच्या बाजूच्या उशीचा खळगा हळूहळू भरून सपाट झाला. तो येतो म्हणून ती एवढी भ्यायली होती, आणि आता तो येत नाही हे तिला सोसवेना. इतके महिने तो दुखत होता म्हणून तरी होता.

रविवारी ती चर्चला लवकर गेली. कुणी आलं नव्हतं. तिने पांतेलेच्या नावाची मेणबत्ती पेटवली आणि सवयीने जित्यांच्या पेटीपाशी जाऊन उभी राहिली. मेण बोटांवर ओघळलं तरी तशीच उभी. मग दोन पावलं बाजूला सरकली आणि मेणबत्ती मेलेल्यांच्या वाळूत खोचली.